सव्वानऊचे ९० मिलिसेकंद

तक्रार एका अल्गोवाल्या ग्राहकाची होती आणि ती पुराव्यानिशी आली होती. त्याने एक्सेलची फाइलच पाठवली: ऑर्डर कधी सोडली, पोच कधी आली, मधे किती वेळ गेला. एरवी हा वेळ एका मिलिसेकंदाच्याही आत असतो. पण रोज सकाळी ९:१५ ते ९:२० या पाच मिनिटांत चार-सहा ऑर्डरी अशा निघायच्या की ज्यांना ६०, ८०, कधी ९५ मिलिसेकंद लागलेले. फोनवरून 'शंभर घ्या' म्हणणाऱ्या गुंतवणूकदाराला हे जन्मात कळणार नाही. पण भाव हलला की ज्याचा प्रोग्राम त्याच क्षणी ऑर्डर मारतो, त्याच्या दृष्टीने ९० मिलिसेकंदांत भाव येऊन निघूनही गेलेला असतो.

मी मुंबईत एका ब्रोकिंग कंपनीत सिस्टिम्सचं काम बघतो. ग्राहकाची ऑर्डर घ्यायची, जोखमीचे नियम तपासायचे आणि एक्स्चेंजकडे पाठवायची, हे काम करणारा आमचा ऑर्डर राउटर ही सी++ मधली एकच प्रोसेस आहे. तिच्यात चाळीसेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी समांतर चालणारे कामाचे धागे. सगळ्या शेअर-फ्युचर्स-ऑप्शन्सची माहिती आणि ग्राहकांच्या मर्यादा तिने मेमरीत एकाच सलग तुकड्यात ठेवलेल्या, ३ जीबीच्या. मशीनवर उबुंटू २२.०४ हे लिनक्स, त्याचा गाभा म्हणजे कर्नल ५.१५. महत्त्वाच्या थ्रेडना रिअल-टाइमचं फिफो प्राधान्य, म्हणजे सीपीयूच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे जागा, दिलेलं आणि त्यांच्यासाठी सीपीयूचे कोअर वेगळे काढलेले. तिथे दुसरं कोणी फिरकणार नाही अशी व्यवस्था. ती व्यवस्था मीच केली होती आणि तिचा मला थोडा गर्वही होता, हे आधीच सांगून टाकतो.

पहिले चार दिवस आम्ही नेटवर्कच्या मागे घालवले. यात नवल नाही. काही अडलं की आधी नेटवर्कवाल्याला धरायचं ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. डेटा सेंटर बघणारे, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, ते वैतागले. "अरे, दर वेळी माझ्याच वायरी कशा दिसतात रे तुम्हाला?" म्हणाले आणि पॅकेट पकडून हातात दिली. त्यात स्पष्ट दिसत होतं: ऑर्डर आमच्या नेटवर्क कार्डावर वेळेत पोचलेली, उत्तर मात्र ९० मिलिसेकंदांनी निघालेलं. म्हणजे दुखणं आमच्याच घरात होतं.

मग म्हटलं, गर्दी असेल. ९:१५ ला बाजार उघडतो, सगळे एकदम तुटून पडतात. पण ज्युनिअरने, जी रोज डोंबिवलीहून येते, सगळ्या उशिरांचा आलेख काढला आणि तो बघून मी गप्प झालो. गर्दीमुळे होणाऱ्या उशिराला शेपूट असतं: बरेच छोटे, काही मोठे, एखादा फारच मोठा. इथे शेपूट नव्हतं, भिंत होती. उशीर वाढत वाढत शंभरच्या आसपास जायचा आणि १०५ च्या पुढे एकही नाही. गर्दीला इतकी शिस्त नसते. कुठेतरी कोणीतरी घड्याळ लावून बसलं होतं.

थ्रेड धावत नव्हता, झोपला होता

शेड्युलरची, म्हणजे सीपीयू कधी कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाची, नोंद काढली तेव्हा पहिला धक्का बसला. मला वाटत होतं, आमच्या थ्रेडला सीपीयू मिळत नसेल. प्रत्यक्षात सीपीयू रिकामा होता आणि थ्रेड झोपलेला, तोही 'डी' अवस्थेत, म्हणजे कर्नलच्या आत कशाची तरी वाट बघत, सिग्नललाही न उठणाऱ्या झोपेत. फिफो प्राधान्याचा इथे काही उपयोग नाही. प्राधान्य हे सीपीयूच्या रांगेतलं असतं. जो त्या रांगेत उभाच नाही त्याला पुढे कसं घेणार?

दुसरी गंमत अशी की नेमक्या त्याच क्षणी चालू प्रोसेसची यादी देणारी पीएस कमांड चालवली तर पीएससुद्धा अडकायची. ९० मिलिसेकंद माणसाला जाणवत नाहीत, पण आम्ही स्क्रिप्टमधून ती सारखी चालवत होतो आणि तिच्या वेळा नोंदवत होतो. पीएस प्रत्येक प्रोसेसची कमांड-लाइन दाखवते. ती कमांड-लाइन त्या प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत असते, आणि तिथे डोकवायचं तर कर्नलला त्या प्रोसेसचं एमएमॅप लॉक घ्यावं लागतं. अडकलेल्या थ्रेडचा कर्नलमधला स्टॅक (तो कुठून कुठे पोचला याची नोंद) पाहिला तर तिथेही तेच: पेज फॉल्ट झाला (हवं ते मेमरीचं पान अजून जोडलेलं नव्हतं), फॉल्ट सोडवायला एमएमॅप लॉक वाचक म्हणून मागितलं, आणि तिथेच मुक्काम.

हे लॉक काय आहे ते नीट सांगतो, कारण सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसच्या पत्त्यांचा एक नकाशा असतो: इथून इथपर्यंत कोड, इथून इथपर्यंत स्टॅक, हा तुकडा त्या फाइलचा. त्या नकाशावर पहारा ठेवणारं लॉक एकच, प्रोसेसमागे एक. जुनं नाव एमएमॅप सेम. २०२० साली ५.८ आवृत्तीत ते एमएमॅप लॉक झालं. लॉक वाचक-लेखक पद्धतीचं आहे. नकाशा फक्त बघायचा असेल तर कितीही जण एकाच वेळी आत येऊ शकतात. बदलायचा असेल तर एकट्यानेच, सगळे बाहेर गेल्यावर. पेज फॉल्ट हा वाचक. एमएमॅप (तुकडा जोडणं), एमअनमॅप (तुकडा काढणं), एमप्रोटेक्ट (तुकड्याची परवानगी बदलणं) हे लेखक.

नकाशा बदलणारे कोण होते ते शोधायला फार वेळ लागला नाही. बाजार उघडताना नवे ग्राहक लॉगिन करतात, राउटर नवे थ्रेड काढतो, प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी एमएमॅप होतो. शिवाय ग्लिबसी या सी लायब्ररीचं मॅलॉक, म्हणजे प्रोग्रामला मेमरी वाटून देणारा भाग. मुख्य थ्रेड सोडून बाकीच्यांना ते वेगळे अरीना, म्हणजे मेमरीचे स्वतंत्र साठे, देतं. ६४ बिटच्या मशीनवर असा एकेक ढीग ६४ एमबीची जागा आधी नुसतीच राखून ठेवतो आणि लागेल तसतसा एमप्रोटेक्ट करत ती वापरात आणतो. आपण लिहितो नुसतं 'न्यू', आणि खाली नकाशा बदलण्याची परवानगी मागितली जाते. पण ही लेखनं मायक्रोसेकंदांत आटपतात. त्यांच्यामुळे ९० मिलिसेकंद जाणं शक्य नव्हतं.

मी फळ्यावर हे सगळं काढत होतो. वाचक इकडे, लेखक तिकडे, रांग. ज्युनिअर बराच वेळ बघत होती. म्हणाली, "दादा, हे दिव्याचं फाटक आहे."

मध्य रेल्वेने प्रवास करणाऱ्याला यापुढे समजवावं लागणार नाही, इतरांसाठी सांगतो. दिवा स्टेशनजवळ रेल्वे फाटक आहे आणि त्या फाटकाने वर्षानुवर्षं लोकलच्या वेळापत्रकाचा घोळ केलेला आहे. रस्त्यावरच्या गाड्या म्हणजे वाचक: कितीही एकदम रूळ ओलांडोत, एकमेकांना अडचण नाही. लोकल म्हणजे लेखक: ती यायची तर रूळ पूर्ण मोकळे हवेत. लोकल आल्याची वर्दी मिळाली की फाटकवाला नव्या गाड्या सोडत नाही, नाहीतर लोकलला कधीच वाट मिळायची नाही. आधी आत शिरलेल्यांनी मात्र बाहेर पडायचं. आता समजा, एक हातगाडी रुळांच्या मधोमध अडकली. लोकल सिग्नलला उभी. आणि लोकल उभी म्हणून फाटकाबाहेर दोनशे गाड्या उभ्या. त्या दोनशे जणांना वाटतं, लोकलने अडवलंय. लोकलचा काही दोष नाही. हातगाडी कुठंय ते बघायला हवं.

लिनक्सचं हे लॉक अगदी असंच वागतं. लेखक रांगेत आला की नंतरच्या वाचकांना आतल्या वाचकांबरोबर घुसता येत नाही. त्यांना लेखकाच्या मागे उभं राहावं लागतं. म्हणून 'वाचक वाचकाला अडवत नाही' हे पुस्तकातलं वाक्य खरं असलं तरी पुरेसं नाही. मधे एक लेखक येऊन उभा राहिला की एक संथ वाचक बाकी सगळ्या वाचकांना अडवू शकतो.

हे कळल्यावर ९:१५ चं कोडंही सुटलं. हातगाडी दिवसभर, दर मिनिटाला रुळावर येत होती. दुपारी लोकलच नसते, म्हणजे नवे थ्रेड नाहीत, मॅलॉक स्थिरावलेलं, नकाशा बदलत नाही. वाचक आणि वाचक गुण्यागोविंदाने नांदतात. सकाळी ९:१५ ला लेखकांची झुंबड उडते, तेव्हा हातगाडी नडते.

हातगाडीवाला

कर्नल ५.११ पासून एमएमॅप लॉकवर ट्रेसपॉइंट आहेत: कोणी मागितलं, कधी मिळालं, कधी सोडलं. ते चालू करून आमच्या प्रोसेसचा नकाशा तेवढा गाळून घेतला. नावं आली ती अपेक्षित: राउटरचे थ्रेड, पीएस. आणि त्यांत एक परकं नाव, दर मिनिटाला एकदा: मशीनची तब्येत बघणारा मॉनिटरिंग एजंट.

एजंट दर मिनिटाला राउटरची एसमॅप्स फाइल वाचत होता. कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो त्या प्रॉक फाइल सिस्टिममधली ही फाइल दिसायला साधी, वाचायला महाग. मॅप्स फाइल नुसती नकाशातले तुकडे सांगते. एसमॅप्स प्रत्येक तुकड्यात खरोखर किती पानं रॅममध्ये आहेत, किती वाटून घेतलेली, किती बदललेली हे सांगते, आणि त्यासाठी कर्नल पेज टेबलमधली (कुठलं पान रॅममध्ये कुठे आहे त्या तक्त्यातली) एकेक नोंद चालत जातो. ४ केबीचं एक पान धरलं तर आमच्या ३ जीबीच्या तुकड्यात ७,८६,४३२ पानं. आमच्या मशीनवर ही चाल १४ मिलिसेकंदांत व्हायची. तेवढा वेळ लॉक एजंटच्या हातात.

चौदा. नव्वद नव्हे.

इथे मी एक अख्खा दिवस अडकलो. ट्रेस सांगत होता की एजंटने लॉक शंभराच्या वर मिलिसेकंद धरलं. सीपीयू कुठे किती गेला ते मोजणारं पर्फ सांगत होतं की त्या कामाला १४ मिलिसेकंद सीपीयू लागला. मग उरलेले नव्वद एजंट करत काय होता? उत्तर: काही नाही. बसला होता. किंवा बसवला होता.

एजंटच्या सीग्रुपची, म्हणजे कर्नल ज्यावर मर्यादा घालतो त्या प्रोसेस-गटाची, आकडेवारी उघडली. त्यात किती वेळा 'थ्रॉटल' झाला याचा एक आकडा असतो. तो दर मिनिटाला एकाने वाढत होता. सेटिंगची फाइल पाहिली: सीपीयू कोटा १० टक्के. हा कोटा शंभर मिलिसेकंदांच्या खिडकीवर मोजला जातो. त्यातले १० मिलिसेकंद वापरून झाले की उरलेले ९० गपचूप बसायचं. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ती ओळ कोणी घातली ते बघितलं.

मी. दीड वर्षापूर्वी. संदेशात लिहिलेलं: 'एजंटने ट्रेडिंगला त्रास देऊ नये म्हणून.'

तेव्हा एजंटने एकदा एका भल्यामोठ्या लॉग फाइलवर सीपीयू उधळला होता, म्हणून मी त्याच्या नाकात वेसण घातली. बरोबरच होतं ते. पुढे दुसऱ्या टीमला मेमरीचे बारीक आलेख हवे झाले, त्यांनी एसमॅप्स चालू केलं. तेही चूक म्हणता येणार नाही. दोन्ही मिळून काय झालं? हातगाडी रुळावर असतानाच हवालदाराने शिट्टी मारली: तुझी दहा पावलं झाली, आता नव्वद मोजेपर्यंत बस. कुठे बसू? आहेस तिथेच!

आमच्या ५.१५ कर्नलमध्ये कोटा संपलेल्या गटाला रांगेतून काढताना तो कर्नलच्या आत लॉक धरून उभा आहे का, हे कोणी विचारत नाही. एसमॅप्सचा कोड तर सभ्यपणे दर २ एमबीला, म्हणजे ५१२ नोंदी चालून झाल्या की, 'दुसऱ्या कोणाला सीपीयू हवाय का' असं स्वतःहून विचारतो. मनं जिंकणारी सवय, पण लॉक हातात ठेवून विचारतो. (अलीकडच्या कर्नलमध्ये थ्रॉटल, काम कर्नलमधून यूजर मोडला (प्रोग्रामच्या स्वतःच्या कोडकडे) परतेपर्यंत, पुढे ढकलायची सुधारणा झाली आहे. आमच्या उपयोगाला ती उशिराच आली.)

टेस्ट मशीनवर सिद्ध करायला अर्धा तास पुरला. कोटा काढला: जास्तीत जास्त थांबा १४-१५ मिलिसेकंद. कोटा १० टक्के: १०४. मग ज्युनिअरने विचारलं, "पाच टक्के करून बघू?" ती आधीच कागदावर बेरीज मांडून बसली होती: ५ धावणार, ९५ बसणार, ५ धावणार, ९५ बसणार, मग उरलेले ४. म्हणजे २०४. मशीनने २०३ आणि २०५ च्या मधले आकडे दिले. एजंटला जितकं जास्त दाबावं तितकं ट्रेडिंग जास्त अडत होतं, आणि मी दीड वर्ष ट्रेडिंगचं रक्षण करत होतो!

हे असं का घडतं: थोडं मागे जाऊन

लिनक्सच्या मेमरी व्यवस्थापनाला नावं ठेवण्याआधी ते इथवर कसं आलं ते बघायला हवं. मला स्वतःला हा भाग सगळ्यात रंजक वाटतो.

प्रीएम्प्शन म्हणजे चालू काम मधेच थांबवून सीपीयू दुसऱ्याला देणं. यूजर प्रोग्रामच्या बाबतीत हे पहिल्यापासून आहे. कर्नलच्या आत चाललेलं काम मधेच थांबवता येण्याची सोय मुख्य प्रवाहात आली ती डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत, रॉबर्ट लव्ह यांच्या कामातून. पण एक अट: स्पिनलॉक हातात असताना थांबवायचं नाही. कारण सरळ आहे. स्पिनलॉकची वाट बघणारा झोपत नाही, सीपीयूवर गरगरत राहतो. धरणाऱ्याला झोपवलं तर बाकीचे गरगरतच राहतील.

मेमरी व्यवस्थापनात स्पिनलॉक भरपूर, आणि कामं लांबलचक. मोठा तुकडा नकाशातून काढायचा तर लाखो नोंदी पुसायच्या, आणि सोडलेली पानं गोळा करणारी यादी प्रत्येक सीपीयूची खासगी, म्हणजे ती वापरताना प्रीएम्प्शन बंद. म्हणून पूर्वी काम फोडून फोडून करायचे: प्रीएम्प्टिबल कर्नलमध्ये आठ-आठ पानांचा घास, मग लॉक सोडा, इतरांना वाट द्या, पुन्हा घ्या, कुठे होतो ते शोधा. तो कोड वाचताना डोकं दुखायचं. पीटर झाइल्स्ट्रा यांनी ही गुंतागुंत मुळापासून काढली. पानांची यादी सीपीयूला न बांधता कामाबरोबर फिरती केली, आणि फाइलच्या व अनामिक (कुठल्याही फाइलच्या नसलेल्या) पानांच्या उलट्या नकाशांवरचे, म्हणजे कुठलं पान कोणकोण वापरतं ते सांगणाऱ्या नकाशांवरचे, दोन मोठे स्पिनलॉक बदलून म्यूटेक्स केले, म्हणजे ज्यांची वाट बघताना झोपता येतं आणि जे धरलेले असताना शेड्युलर मधे पडू शकतो. हे सगळं जुलै २०११ च्या ३.० आवृत्तीत आलं. त्याच वर्षी मे महिन्यात, २.६.३९ मध्ये, अख्ख्या कर्नलवर एकच असलेलं जुनं 'बिग कर्नल लॉक' कायमचं गेलं होतं. लॉकवाल्यांसाठी बरं वर्ष.

बिल लगेच आलं. सतत फोर्क करणाऱ्या, म्हणजे प्रोसेसच्या नकला काढणाऱ्या, मेल सर्व्हरच्या चाचणीत वेग घसरल्याची तक्रार त्याच उन्हाळ्यात झाली: छोट्या छोट्या कामासाठी झोपणं-उठणं महाग पडत होतं. दुरुस्त्या होत गेल्या. अनामिक पानांचं लॉक ३.८ मध्ये वाचक-लेखक पद्धतीचं झालं, फाइलच्या नकाशाचं ३.१९ मध्ये. वाचक-लेखक लॉकवर लगेच न झोपता थोडं गरगरून बघायची युक्तीही मधे आली.

आता यातला पेच बघा. स्पिनलॉक सगळ्यांना छळतो, पण एक हमी देतो: धरणारा धावतोच आहे, त्याला कोणी सीपीयूवरून हटवणार नाही. झोपता येणारं लॉक ती हमी काढून घेतं. आता लॉक किती वेळ धरलं जाईल हे कामाच्या लांबीवर ठरत नाही, शेड्युलर धरणाऱ्याला कसं वागवतो यावर ठरतं. आमच्या एजंटचं काम १४ चं होतं, त्याला वागणूक ९० ची मिळाली. एमएमॅप लॉक हे झोपता येणाऱ्यांतलंच. मी कोअर वेगळे काढले, प्राधान्य वेगळं दिलं. लॉक मात्र दोघांत एकच राहिलं, आणि त्या वाटेने एजंटची गरिबी राउटरकडे आली.

'आरटी टाकूया का?'

आमच्या मॅडमनी बैठकीत हे विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. प्रीएम्प्ट आरटी, म्हणजे जवळपास सगळे स्पिनलॉकही झोपते करून टाकणारं रिअल-टाइम कर्नल, इंगो मोलनार आणि थॉमस ग्लाइक्सनर आदी मंडळींच्या सुमारे वीस वर्षांच्या कष्टांनंतर २०२४ च्या ६.१२ मध्ये मुख्य प्रवाहात आलं. त्याचं मोठं अस्त्र म्हणजे प्राधान्याचा वारसा: वरचा माणूस लॉकसाठी थांबला की लॉक धरणाऱ्याला तेवढ्यापुरतं वरचं प्राधान्य मिळतं, म्हणजे तो लवकर आटपून बाहेर पडतो. १९९७ साली मंगळावरच्या पाथफाइंडर यानाचा रिसेट होण्याचा आजार हाच वारसा चालू करून बरा केला होता, तो किस्सा आमच्या व्यवसायात सगळ्यांना पाठ असतो.

पण तिथे लॉक एकाच्याच हातात होतं. वाचक-लेखक लॉकमध्ये वाचक अनेक असू शकतात, आणि थांबलेल्या लेखकाने त्या सगळ्यांना वर उचलायचं हे आरटीतही केलेलं नाही. लेखकाने लॉक धरलं असेल तर त्याला वारसा मिळतो, वाचकाला नाही. म्हणजे आमची हातगाडी आरटीमध्येही रुळावरच बसली असती. मी बैठकीत हे सांगितलं, आणि हेही सांगितलं की आरटीत एकूण काम थोडं हळू होतं, ते आम्हाला परवडणार नाही. मॅडम म्हणाल्या, "मग स्वस्तातलं काय आहे ते सांग."

स्वस्तातलं बरंच होतं. एजंटचं एसमॅप्स बंद केलं. एकूण रॅम किती हे स्टॅटएम फाइल तयार मोजणीतून सांगते, पेज टेबल चालत नाही आणि हे लॉकही घेत नाही. एसमॅप्सची बेरीज देणारी रोलअप फाइल वापरावी असं एकाने सुचवलं, कारण ५.१० पासून ती कोणी थांबलं असेल तर मधे लॉक सोडते. पण सोडते दोन तुकड्यांच्या मधे, आणि आमचा ३ जीबीचा तुकडा एकच. उपयोग शून्य. एजंटचा कोटा काढून त्याला वजन कमी दिलं. वजनात गर्दी असेल तरच वाटा घटतो; सीपीयू मोकळा असताना कोणी मुद्दाम बसवून ठेवत नाही.

राउटरच्या बाजूने जास्त काम निघालं. थ्रेड ९:०० च्या आत काढून ठेवायचे, अरीनांची संख्या बांधून टाकायची, मॅलॉकने सोडलेली मेमरी लगेच कर्नलला परत करू नये असं सांगायचं. सगळी मेमरी रॅममध्ये जखडून ठेवणारं एमलॉकऑल लावलं, तिथे एकदा तोंडघशी पडलो: पुढच्या मेमरीलाही ते लागू केलं की प्रत्येक नव्या थ्रेडचा ८ एमबीचा स्टॅक जागच्या जागी पूर्ण भरला जातो, २,०४८ पानं. थ्रेड काढणं इतकं मंदावलं की टेस्टिंगवालीने बिल्ड परतच पाठवली. स्टॅक ५१२ केबीचा केला तेव्हा जमलं. आणि एमलॉक केलं म्हणजे फॉल्ट संपले, हा माझा समजही गेला. एमलॉक म्हणजे पान रॅमबाहेर जाणार नाही; पान रॅममध्येच इकडून तिकडे हलवलं जाणार नाही, असं ते म्हणत नाही. दोन सॉकेटच्या मशीनवर नुमा बॅलन्सिंग (पान वापरणाऱ्या सीपीयूजवळच्या रॅममध्ये हलवण्याची सोय) चालू असेल तर कर्नल मुद्दाम फॉल्ट घडवून कोण कुठली पानं वापरतो ते बघतो. ते बंद केलं तेव्हा उरलेसुरले फॉल्टही गेले.

पुढच्या सोमवारी ९:१५ ला आम्ही तिघं स्क्रीनसमोर चहा घेऊन उभे होतो. काका मुद्दाम खाली आले होते. सर्वांत मोठा थांबा एका मिलिसेकंदाच्या आत राहिला. काका एवढंच म्हणाले, "वायरी माझ्या ठीक आहेत ना मग?"

नवं कर्नल आम्ही त्यानंतर टेस्टवर चढवलं. २०२२ च्या अखेरीस ६.१ मध्ये नकाशातले तुकडे साठवायला मेपल ट्री आला, आणि जून २०२३ च्या ६.४ मध्ये सुरेन बाघदासर्यान यांचं तुकड्यामागे एक लॉक. पेज फॉल्ट आधी फक्त आपल्या तुकड्याचं लॉक घेऊन बघतो, मोठ्या लॉकपर्यंत बहुधा जातच नाही. फाटकाच्या बाजूने उड्डाणपूल झाला म्हणा. आम्ही मुद्दाम जुना गुन्हा पुन्हा घडवला: एसमॅप्स चालू, कोटा १० टक्के. आधीच्या तुकड्यांतल्या फॉल्टना आता काहीच झळ लागली नाही. पण थ्रेड काढायला गेलेला एमएमॅप मात्र तसाच १०४ मिलिसेकंद उभा राहिला. लोकलसाठी पूल नाही.

म्हणून नव्या कर्नलवरही एजंटची एसमॅप्सबंदी कायम ठेवली. दोन महिन्यांनी त्या दुसऱ्या टीममधल्या एकाचा मेसेज आला: मेमरीचा तो बारीक आलेख रिकामा का दिसतो? त्याला रात्री आठ वाजता, बाजार बंद असताना, एकदाच एसमॅप्स वाचणारी स्क्रिप्ट लिहून दिली. कोटा न लावता.